‘नाही’ म्हणायची तयारी

पोरा, हेवीचं लायसन्स हातात आलं, पाठोपाठ नोकरीही लागली. कोल्हापूर ते भिवंडी, रात्रीची लाइन. तुझी आई म्हणाली, ‘दादा, त्याला चार गोष्टी सांग.’ गाडी कशी चालवायची ते तुला येतं. मी सांगणार आहे ते ऑफिसातला माणूस मागे लागलेला असताना गाडी कशी चालवायची, याबद्दल. रस्ता मला फार जणांनी शिकवला, पण हे मात्र एकट्या माझ्या उस्तादांनी शिकवलं.

ते म्हणायचे, मालकाला नाही म्हणायचं असेल तर गाडी उभी असताना म्हणावं. एकदा गाडी रस्त्याला लागली, की मालकाला दिलेला शब्द रस्त्याकडून वसूल करायची पाळी येते. ‘सहाच्या आत पोचवतो’ हे गेटवर सहज तोंडातून निघून जातं. मग पहाटे चारला डोळे मिटायला लागले तरी तू थांबत नाहीस, कारण शब्द दिलेला असतो.

पण गेटवर नाही म्हणायची ताकद त्या क्षणी अंगात येत नाही, ती आधी घरी कमवावी लागते. म्हणून पहिली गोष्ट पैशाची. शेठकडून उचल घेऊ नकोस. बहिणीचं लग्न असो, घराचा पत्रा असो, पतसंस्थेत जा, माझ्याकडे ये, पण उचल नको. ज्याच्या अंगावर शेठचे पैसे आहेत, तो टायर घासलाय म्हणून गाडी उभी करू शकत नाही. मॅनेजर पैशाचा उल्लेखही करत नाही, नुसता बघतो, आणि ड्रायव्हर किल्ली उचलतो. मी चांगले चांगले हात असलेली माणसं या एका गोष्टीपायी वाकलेली पाहिली. दुसरं, वेळेआधी पोचल्याचं जे बक्षीस मिळतं, खेपेमागे जे जास्तीचे सुटतात, ते घरखर्चात धरू नकोस. किराणा, शाळेची फी, हप्ता हे सगळं मूळ पगारात बसलं पाहिजे. बक्षिसाच्या पैशावर हप्ता लावलास, तर ते बक्षीस राहत नाही, ते तुझ्या मानेवर बसतं. आणि महिनाभराचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवा मोबाइल घेऊ नकोस. उद्या ‘नको येऊ कामाला’ म्हणाले तरी घरात चूल पेटेल एवढी सोय असली, की माणूस शांतपणे बोलतो. शांतपणे बोलणाऱ्याचं ऐकलं जातं.

आता गाडीचं. निघण्याआधी सगळ्या चाकांभोवती फिरायचं, टायर हाताने चाचपायचे, जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलाय का बघायचं, एअर टाकीतलं पाणी काढायचं, हवेचा काटा पूर्ण भरतो का आणि ब्रेक दाबून धरल्यावर खाली येतो का ते बघायचं. मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर पुसायचे, कारण रात्री बंद पडलेल्या गाडीला मागून येऊन धडकणारे फार. हे तू करशीलच. पण दोष सापडला तर काय करायचं, ते ऐक. वाद घालायचा नाही. फोटो काढायचा आणि मॅनेजरच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचा: ‘साहेब, मागच्या डाव्या आतल्या टायरची तार दिसते आहे. माल भरलेला आहे. गाडी नेऊ का थांबू, लिहून कळवा.’ एवढंच. राग नाही, उद्धटपणा नाही. तोंडाने ‘ने रे, काही होत नाही’ म्हणणारा माणूस तेच शब्द लिहून द्यायला कचरतो. निम्म्या वेळा टायर बदलून मिळेल. न मिळाला तर गाडी हलवू नकोस, आणि तुझ्याकडे फोटो आहे, वेळ आहे, निरोप आहे.

वजनाचंही तसंच. बिल्टीवर लिहिलेलं वजन आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेलं वजन एक नसतं, हे पाट्यांकडे बघून कळतं. शंका आली तर वजनकाट्यावर गाडी घे आणि पावती ठेव. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. आणि कायद्यात ‘चालवणारा’ एवढंच नाही, ‘चालवायला लावणारा’ किंवा ‘चालवू देणारा’ असाही शब्द आहे. वेगाच्या कलमातही, १८३ मध्ये, आपल्या हाताखालच्या माणसाला वेग मोडायला लावणारा धरलेला आहे. हे शेठला सुनावायला वापरू नकोस. ‘साहेब, यात तुमचंही नाव येतं’ असं हळू आवाजात सांग, फरक पडतो.

वेळेचा हिशोब तू स्वतः मांडायचा, आणि तो निघताना सांगायचा. पावणेचारशे-चारशे किलोमीटर, तीन घाट, दोन थांबे, टोल, पुढे ठाणे-भिवंडीकडे जड वाहनांच्या बंदीच्या वेळा. ‘सकाळी नऊपर्यंत, पाऊस लागला तर अकरा’ असं सांग. लवकरची वेळ सांगून उशीर करणाऱ्यापेक्षा उशिराची वेळ सांगून तिथं पोचणारा ड्रायव्हर माल घेणाऱ्या पार्टीला आवडतो, कारण तिला हमाल त्या हिशोबाने बोलवायचे असतात. आणि पळवून किती वाचतात तेही बघ. सपाट रस्त्याचे ६० किलोमीटर ताशी ८० ने ४५ मिनिटांत जातात, ९० ने ४० मिनिटांत. घाटाचे दहा किलोमीटर ४० ने १५ मिनिटं, ५० ने १२. म्हणजे सगळा जीव पणाला लावून तू आठ मिनिटं मिळवलीस. गोदामाच्या गेटवर नंबर लागायला यापेक्षा जास्त वेळ जातो.

घाटाबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण मॅनेजरचा दबाव तिथं डिझेलच्या वाटेने येतो. अॅव्हरेज कमी पडलं की पगारातून कापतात, मग पोरं उतारावर न्यूट्रल मारतात, काही तर इंजिन बंद करतात. तुझ्या वाटेवर दोन जागा आहेत. साताऱ्याकडून येताना खंबाटकीचा जुना बोगदा संपला की उतार आणि एस आकाराचं वळण. पुढे कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार, दोन्ही बाजूंना वस्ती, दुचाकींची गर्दी. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या उतारावर एका मोठ्या वाहनाने डझनावारी गाड्या ठोकल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा नवले पुलाजवळच, एक कार दोन जड वाहनांच्या मध्ये सापडून पेटली आणि माणसं गेली. तो उतार फसवा आहे. खंडाळ्यासारखा घाट म्हणून दिसत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो, आणि गाडी आपोआप वेग धरते.

न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात, तापले की पकडत नाहीत, पायाखाली पेडल असून नसल्यासारखं होतं. इंजिन बंद केलंस तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबला, पॉवर स्टिअरिंगही गेलं. आणि ज्या डिझेलसाठी हे करायचं, ते वाचतही नाही. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनात डिझेल जाणं जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रल मारणारा डिझेल जास्त जाळतो. हे मॅनेजरलाही ठाऊक नसतं, त्याला समजावून सांग. ज्या गिअरमध्ये चढ चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, गिअर उताराच्या आधी टाक, एक्झॉस्ट ब्रेक असेल तर वापर, आणि ब्रेकवर पाय ठेवून राहू नकोस. दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा.

गाडीत जीपीएस आहे म्हणून तू वैतागला आहेस, असं तुझी आई म्हणाली. गाडी दहा मिनिटं उभी राहिली की फोन येतो. त्यावर उपाय असा, की थांबे आधीच कळवायचे. ‘शिरवळला जेवण, चाळीस मिनिटं. घाटाआधी वीस मिनिटं झोप.’ कळवलेल्या थांब्याला कोणी विचारत नाही. आणि चालत्या गाडीत ऑफिसचा फोन उचलायचा नाही, पहिल्या दिवसापासून नाही. पहिल्या आठवड्यात ओरडतील, दुसऱ्या आठवड्यात सवय होईल. प्रत्येक थांब्यावरून तू स्वतःहून फोन कर, म्हणजे त्यांचा जीव खाली पडतो. त्यांच्याही डोक्यावर पार्टी बसलेली असते, हे विसरू नकोस. आणि ते जीपीएस तुझा वेगही नोंदवतं. तू नीट चालवत असशील तर ती नोंद उद्या तुझीच साक्ष देईल.

झोपेपुढे कोणाचं शहाणपण चालत नाही. पहाटे तीन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर शरीर स्वतःच खाली बसतं. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर गाडीला ड्रायव्हर नाही. तंबाखू, गाणी, खिडकी उघडणं, तोंडावर पाणी मारणं यांनी झोप जात नाही, आपण जागे आहोत असं वाटतं एवढंच. मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवलं नाही, की पुढच्या पंपावर किंवा ट्रक थांब्यावर आत घे. रस्त्याच्या कडेला उभी करू नकोस. वीस मिनिटांचा गजर लाव आणि झोप. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातही दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनी निदान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत गेला, दिवसाचे आठ तास तिथंही आहेत. लाइनवर ते कोण पाळतं, हे तुलाही दिसेल. पण मागणी करताना आपण भीक मागत नाही, एवढं तरी मनात असावं.

तुझा धाकटा भाऊ पुण्यात जेवणाचे डबे पोचवतो, त्यालाही हे वाचून दाखव. त्याच्या मोटारसायकलला मॅनेजर नाही, अॅप आहे, आणि अॅपला फोटो पाठवून विचारता येत नाही. म्हणून त्या पोरांना एकत्र यावं लागतं. २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी संप केला, तेव्हा दहा मिनिटांत पोचवण्याची हमी बंद करा ही त्यांची एक मागणी होती. मला ती फार रास्त वाटली.

देव न करो, पण काही झालंच तर पळायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवायची, पोलिसांना कळवायची जबाबदारी ड्रायव्हरची. जमाव अंगावर येत असेल तर कायद्याने तीही अडचण धरलेली आहे. तेव्हा सरळ जवळच्या पोलीस चौकीत जा आणि तिथून १०८ ला फोन कर. ११२ आणि हायवेचा १०३३ हे नंबर केबिनमध्ये लिहून चिकटव. मालकाला फोन त्यानंतर. तो आधी मालाचं विचारेल, त्याला तेव्हा उत्तर देत बसू नकोस.

हे पत्र तू तुझ्या मॅनेजरला दाखवलंस तरी माझी हरकत नाही. त्यांना हात जोडून एकच सांगणं आहे. उशीर बहुतेक वेळा रस्त्यावर होत नाही, तो गोदामात होतो. माल तयार नसतो, हमाल आलेले नसतात, बिल्टी अडकलेली असते, आणि ड्रायव्हर दिवसभर केबिनमध्ये उन्हात बसून असतो. ते वाया गेलेले तास मग त्याच्या झोपेतून आणि घाटातल्या वेगातून भरून काढायला सांगता. तसं करू नका साहेब. गाडी संध्याकाळी सहाला सोडायची ठरवून रात्री अकराला सोडलीत, तर पार्टीला स्वतः फोन करा आणि पोचायची वेळ पाच तासांनी पुढे ढकला.