चव गेली म्हणून झिंक?

आमच्या यांच्या जिभेच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि पुढे किरणोपचार सुरू झाले. दुसरा आठवडा संपता संपता वरण अळणी लागायला लागलं, मग कडू. फोडणीचा वास आला की ताट बाजूला सरायचं. एका नातेवाइकांनी कळकळीने झिंकच्या गोळ्या आणून दिल्या. चव झिंकनेच येते, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. शरीरात झिंक कमी पडलं तर चव मंदावते आणि गोळ्यांनी ती सुधारू शकते. किरणोपचारात मात्र चवीच्या कळ्यांना आणि लाळग्रंथींना थेट इजा होते. लाळ आटली की घासाचा रस कळ्यांपर्यंत पोचतच नाही. १९९८ साली इटलीतल्या १८ रुग्णांच्या छोट्या चाचणीने झिंकबद्दल आशा दाखवली होती. नंतर अमेरिकेत १७३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले: झिंक सल्फेट घेणाऱ्यांची चव खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा फारशी वाचली नाही.

आमच्याकडे गोळ्यांनी चव आली नाही, मळमळ मात्र आली. आधीच घास उतरत नव्हता, त्यात उलट्या, आणि वजन उतरू लागलं. आहारतज्ज्ञ बाईंनी घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या, तेव्हा कळलं की मल्टिव्हिटॅमिनमध्येही झिंक होतं. मोठ्या माणसाला दिवसाची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम मानतात. झिंकच्या एका गोळीतच ५० असू शकतं. डॉक्टरांनी ती बंद केली आणि मळमळ ओसरली.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, झिंक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ते जास्त दिवस जास्त प्रमाणात गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, पाय बधिर होऊ शकतात. केमोही चालू असेल तर पेशी कशामुळे घटल्या हा गोंधळ वेगळाच. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स झिंकबरोबर घेतली तर अंगी नीट लागत नाहीत. डॉक्टरांनीच झिंक लिहून दिलं, तर किती आणि किती दिवस हे विचारून घ्या.

या दिवसांत जपायचं ते वजन. चवीची वाट पाहत उपाशी राहू नका. आमच्याकडे तुपाचा मऊ भात, मुगाचं वरण, अंड्याची भुर्जी, साय घातलेली खीर चालली, तीही गार किंवा कोमट, कारण गरम अन्नाचा वास जास्त उठतो. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी चमचा वापरून पाहा. तोंड आलं असेल तर लिंबू, चिंच, तिखट दूर ठेवा. जेवणाआधी मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याने गुळण्या करा. नाकातून नळी घालायची वेळ आली तर घाबरून नकार देऊ नका. तिच्यामुळे उपचार मध्येच थांबत नाहीत.

जिभेवर पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी असू शकते. तिच्यामुळेही चव बिघडते, आणि तिच्यावर औषध आहे. ताप आला किंवा पाणीही गिळवेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.