पेढीचा फोन इंटरनेटवर नेताना

अकोल्यात रुई-सरकीच्या दलालीची आमची पेढी आहे, अमरावतीत तिची शाखा. दोन्हीकडचा फोन आणि फॅक्स आम्ही तांब्याच्या तारेवरून इंटरनेटवर आणला. आता एका गावात आलेला कॉल दुसऱ्या गावात उचलता येतो आणि अकोला-अमरावती बोलण्याचा वेगळा खर्च पडत नाही. वऱ्हाडातल्या लहान धंदेवाल्यांनी हा बदल करावा असं माझं ठाम मत आहे. त्याआधी काही गोष्टी मात्र नीट पाहून घ्याव्यात.

१. सगळ्यात आधी नंबर सांभाळा. ०७२४ किंवा ०७२१ ने सुरू होणारा पेढीचा नंबर बिलबुकावर असतो, काट्याच्या पावतीवर असतो, खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांच्या वहीत असतो. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय मोबाईलला २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली. लँडलाइनला ती नाही. त्यामुळे कंपनी बदलली की जुना नंबर हातचा जातो. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर जाताना नंबर टिकणार का, हे अर्ज देण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि नंबर पेढीच्याच नावावर हवा. बसवून देणाऱ्या एजंटाच्या नावावर तो नोंदला गेला, तर उद्या त्याचं-तुमचं बिनसल्यावर तुमची वर्षानुवर्षांची ओळख त्याच्या ताब्यात राहते.

२. जुन्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून लाइट गेली तरी तो वाजायचा. फायबरच्या डब्याला, राउटरला आणि फोनच्या अडॅप्टरला दुकानातली वीज लागते. मे महिन्यातल्या एका वादळाने लाइट घालवली की तिन्ही एकदम मुके. हे तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. त्यातल्या एकाला जरी वीज नसली तरी उरलेल्या दोघांचा उपयोग नाही.

केबलचंही तेच. रस्त्याचं किंवा नालीचं खोदकाम निघालं की जेसीबीखाली फायबर तुटते, आणि ती जोडायला किती वेळ लागेल हे कोणी सांगत नाही. म्हणून वेगळ्या कंपनीचं सिम घातलेला एक फोर-जी राउटर तयार ठेवा. त्याच कंपनीचं सिम घेतलं तर दोन्ही एकदम बंद पडू शकतात.

३. महागड्या स्पीडच्या मागे लागू नका. एका कॉलला दोन्ही दिशांना साधारण १०० केबीपीएस पुरतात. आवाज तुटतो तो बहुतेक वेळा अपलोड भरल्यामुळे. गोदामातले कॅमेरे दिवसभर चित्रण क्लाउडवर चढवत असतात, त्याच वाटेने तुमचा आवाजही जातो. राउटरमध्ये फोनला अग्रक्रम देण्याची सोय असते, ती बसवणाऱ्याकडून समोर उभं राहून सुरू करून घ्या.

४. फॅक्सबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात लोक सर्वात जास्त फसतात. एके काळी दक्षिणेतल्या गिरण्यांची सौदापावती फॅक्सने यायची. थर्मल कागदावरची अक्षरं आमच्या उन्हाळ्यात बघता बघता पुसट होत, म्हणून फॅक्स आला की आधी त्याची झेरॉक्स काढायची, ही बाजारातली रीतच होती. आता काही जण तेच जुनं यंत्र इंटरनेटच्या फोनला जोडतात आणि अर्धं पान येऊन लाइन तुटते. कारण असं, की कॉलचा आवाज दाबून लहान करणारी पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली असते. फॅक्सच्या शिट्ट्या तिच्यात मोडतात. यंत्र ठेवायचंच असेल तर कंपनी फॅक्ससाठीची टी.३८ ही सोय देते का ते विचारा. त्याहून बरं म्हणजे फॅक्सचा नंबर तोच ठेवून आलेलं पान पीडीएफ होऊन ईमेलवर येईल अशी सेवा घ्या.

पाठवताना फाइन मोड वापरा. साध्या मोडमध्ये पानाच्या उभ्या इंचात ९८ रेघा असतात, फाइनमध्ये १९६. रुईच्या तपासणी अहवालात मायक्रोनेअर ३.८ आहे की ३.३, यावर माल घ्यायचा की परत करायचा हे ठरतं. तिथे पुसट आकडा चालत नाही. समोरचा पक्ष फॅक्स मागत नसेल तर सरळ ईमेल करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही.

५. शेतकऱ्याला 'एक दाबा, दोन दाबा' ऐकवू नका. "मशीनसंगं काऊन बोलू मी? भाव सांगा ना भाऊ!" असं आमच्या अमरावतीच्या मुनीमजींना एकाने सुनावलं, आणि त्याचं बरोबर होतं. आधी काउंटरवर घंटी, उचलली नाही तर गोदामात, मग मालकाच्या मोबाईलवर, असा क्रम लावा. मिस्ड कॉलची यादी रोज संध्याकाळी पाहून प्रत्येकाला उलट फोन करा.

६. सौद्याचे कॉल रेकॉर्ड करा, पण समोरच्याला सांगून. रुईचा भाव खंडीमागे बोलला जातो, खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. खंडीला ५०० रुपयांचा गैरसमज झाला, तर १७० किलोच्या १०० गाठींवर जवळपास २४ हजारांचा फरक पडतो. तोंडी धंद्यात रेकॉर्डिंगने वाद मिटतात आणि संबंध टिकतात.

७. परदेशी कॉल करावे लागत नसतील तर आयएसडी बंदच ठेवा आणि यंत्राचा मूळ पासवर्ड बदला. नाहीतर रात्री कोणीतरी यंत्रात शिरून तुमच्या खात्यावर परदेशी बोलतो. तुमचं इंटरनेट आणि सिमकार्डं भाड्याने मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. परदेशी कॉल चोरवाटेने इकडे उतरवण्याचा तो धंदा असतो, आणि पोलीस येतात ते ज्याच्या जागेत यंत्र सापडतं त्याच्याकडे.

८. हा बदल हंगामात करू नका. दसरा-दिवाळीला कापूस बाजारात येऊ लागला की फोनला उसंत नसते. ऑगस्टमध्ये अर्ज द्या, जुनी आणि नवी लाइन महिनाभर शेजारी-शेजारी चालवा, आणि नवीवर भरवसा बसला तरच जुनी सोडा.