पाव फेरी, पलटी आणि ४२ − १७ : चौकोनी कागदातून 'गट' समजून घेऊ



आज एका अशा विषयावर लिहितोय जो आपल्या प्राथमिकच्या पुस्तकात नाही. डीएडच्या दोन वर्षांत हा शब्द कानावरही आला नव्हता. ग्रुप थिअरी, म्हणजे गट सिद्धांत. बीएस्सीची मुलं शिकतात तो. मग तिसरी-चौथीच्या शिक्षकाने याच्या वाटेला का जायचं? त्याचं कारण एका साध्या वजाबाकीत आहे.

४२ − १७ हे उदाहरण फळ्यावर द्या. वर्गात दोन-चार मुलं हमखास ३५ उत्तर आणतात. डहाणू-तलासरीच्या पाड्यावरची शाळा असो की मुंबईतली, ही चूक सगळीकडे सारखीच. मूल एककाच्या घरात २ आणि ७ बघतं, मोठ्यातून लहान वजा करतं, ५ लिहितं. दशकात ४ − १ = ३. झालं, ३५. आपण म्हणतो, "अरे, हातचा घ्यायला विसरलास." पण ते मूल विसरलेलं नसतं. त्याच्या डोक्यात एक नियम पक्का बसलेला असतो : दोन संख्या कशाही क्रमाने घेतल्या तरी चालतं. आणि हा नियम त्याला शाळेतच मिळालेला असतो. ३ + ५ आणि ५ + ३ एकच, ४ × ६ आणि ६ × ४ एकच. "उलटं केलं तरी उत्तर तेच" हे वाक्य दुसरीपासून त्याच्या कानावर पडतं. "लहानातून मोठी संख्या वजा होत नाही" हे दुसरं वाक्यही पडतं. दोन्ही वाक्यं एकत्र केली की २ − ७ चं ७ − २ होतं. मुलाचा तर्क तसा बरोबरच आहे.

म्हणून मुळाशी जाऊ.

बेरीज म्हणजे काय? दोन संख्या आत टाकायच्या, एक संख्या बाहेर येते. वजाबाकीचंही तेच, गुणाकाराचंही तेच. दोन गोष्टी घेऊन त्यातून ठरलेली एक गोष्ट काढणाऱ्या अशा क्रियेला गणितात बायनरी ऑपरेशन म्हणतात. यात संख्याच हव्यात असं मुळीच नाही. मुलं खेळतात तो दगड-कागद-कात्री घ्या. दोन हात पुढे येतात, एक जिंकतो. दगड आणि कागद मिळून कागद, कागद आणि कात्री मिळून कात्री, दगड आणि कात्री मिळून दगड. दोघांचं सारखंच आलं तर तेच उत्तर धरू. झाली क्रिया.

या खेळात क्रम बदलला तर? दगड-कागद म्हणा नाहीतर कागद-दगड, कागदच जिंकतो. म्हणजे क्रमनिरपेक्षता आहे. आता तिघांना उभं करा : दगड, कागद, कात्री. आधी पहिल्या दोघांचा निकाल लावा, कागद. त्याचा सामना कात्रीशी, उत्तर कात्री. आता आधी शेवटच्या दोघांचा निकाल लावा, कात्री. तिच्याशी दगड, उत्तर दगड! कंस कुठे घातला यावर उत्तर बदललं. याचा अर्थ इथे साहचर्य नाही. पुढच्या वर्गात मुलं "क्रमनिरपेक्षता" आणि "साहचर्य" हे दोन शब्द घोकतात आणि परीक्षेत हमखास अदलाबदल करतात, कारण त्यांनी बघितलेल्या बेरीज-गुणाकारात दोन्ही गुण कायम जोडीनेच असतात. जिथे एक आहे आणि दुसरा नाही अशी गोष्ट बघितल्याशिवाय ते वेगळे आहेत हे कसं कळणार? घरी वारली बोलणाऱ्या मुलासाठी तर हे दोन्ही शब्द सारखेच परके. त्याला शब्दाआधी कृती द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य कृती. यासाठी आपल्या भागासारखी दुसरी जागा नाही.

आपल्याकडे लग्नात सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. (काढतात नाही, लिहितात.) मध्ये पालघट देवी आणि भोवती चौकोनी नक्षीची चौकट. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागद-कापडावर आणून जगभर पोचवली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना हा चौक पाहून पाहून पाठ असतो. आपल्याला त्यातली फक्त बाहेरची चौकट हवी आहे. आणि एक विनंती, लग्नातल्या खऱ्या चौकाचं उदाहरण देताना तो फिरवण्याची भाषा नको, तो देवाचा असतो. फिरवायचा तो कागद.

प्रत्येक मुलाला एक चौरस कागद द्या. चारही कडांना सारखी नक्षी काढू द्या. वरच्या डाव्या कोपऱ्यात "क" लिहा, आणि कागद उलटून मागच्या बाजूलाही त्याच कोपऱ्यात "क" लिहा. बाकावर कागदाच्या मापाचा चौकोन खडूने आखा. प्रश्न एकच : कागद उचलून पुन्हा त्याच चौकोनात बरोबर बसेल असा किती प्रकारे ठेवता येईल?

आधी फक्त फिरवणं घेऊ, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. पाव फेरी, अर्धी फेरी, पाऊण फेरी, आणि न फिरवणं म्हणजे शून्य. पाव फेरीनंतर अर्धी फेरी केली तर पाऊण. पाऊण आणि अर्धी? सव्वा! पण सव्वा फेरी फिरलेला कागद दिसतो पाव फेरी फिरल्यासारखाच. पाऊण आणि पाऊण मिळून दीड, म्हणजे दिसायला अर्धी. इथे आपली मराठी किती कामाला येते बघा. पाव-सव्वा-दीड हे शब्द मुलांना आजीच्या बाजारहाटातून माहीत असतात. मुलांकडून तक्ता भरून घ्या :

क्रिया | ० | पाव | अर्धी | पाऊण
० | ० | पाव | अर्धी | पाऊण
पाव | पाव | अर्धी | पाऊण | ०
अर्धी | अर्धी | पाऊण | ० | पाव
पाऊण | पाऊण | ० | पाव | अर्धी

या तक्त्यात काय काय दिसतं ते मुलांनाच सांगू द्या. उत्तर कधीच या चारच्या बाहेर जात नाही. ० ने काहीच बदलत नाही, तो अविकारक. प्रत्येक चाल परत फिरवता येते : पाव फेरी केली असेल तर पाऊण करा, कागद मूळ जागी. अर्धीची परतफेड अर्धीनेच. ही परतफेड म्हणजे व्यस्त. आणि तीन चाली एकापाठोपाठ करताना कंस कुठेही घाला, कागद शेवटी तिथेच येतो. उत्तर आतच राहतं, साहचर्य आहे, अविकारक आहे, प्रत्येकाचा व्यस्त आहे. या चार गोष्टी जिथे असतील त्याला गट म्हणतात. संपली व्याख्या! क्रमनिरपेक्षता या यादीत नाही, हे लक्षात ठेवा.

कारण आता पलटी येते. कागद पुस्तकाच्या पानासारखा डावीकडून उजवीकडे उलटायचा. "क" वरच्या डाव्या कोपऱ्यात असताना आधी पाव फेरी करा : क वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला. मग पलटी : क पुन्हा वरच्या डाव्या कोपऱ्यात. आता क्रम बदला. आधी पलटी : क वर उजवीकडे. मग पाव फेरी : क खाली उजवीकडे! दोन्ही वेळा चाली त्याच दोन, आणि क मात्र समोरासमोरच्या कोपऱ्यांत. इथे मुलं स्वतःहून दोन-तीनदा करून बघतात, शेजाऱ्याचं चुकलं असं म्हणतात, मग पुन्हा करतात. हा वेळ त्यांना द्या, घाई करू नका.

एकूण चाली ८ निघतात. क ला बसायला ४ कोपरे, आणि क एकदा बसला की त्याच्या शेजारचा कोपरा दोनच बाजूंना जाऊ शकतो. ४ × २ = ८. आणि चौकटीत मध्ये उभी आकृती काढली तर? ती पाव फेरीत आडवी होते, अर्ध्या फेरीत डोक्यावर उभी राहते. आठातल्या बहुतेक चाली बाद. किती उरतात ते तुमच्या वर्गातल्या चित्रावर अवलंबून.

थोडा इतिहास. गट ही कल्पना नावानिशी मांडली फ्रान्सच्या एव्हारिस्त गाल्वाने. समीकरणं कधी सुटतात आणि कधी नाही याचा शोध तो घेत होता. १८३२ साली द्वंद्वयुद्धात गोळी लागून तो वारला तेव्हा जेमतेम २० वर्षांचा होता. त्याचं लेखन छापून आलं १८४६ साली. वरच्यासारखा तक्ता इंग्लंडच्या आर्थर केलीने १८५४ साली वापरला. तक्त्यात आणखी एक गंमत आहे : प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक चाल एकदाच येते. अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. दगड-कागद-कात्रीचा तक्ता करून बघा, तिथे हे जमत नाही, दगडाच्या ओळीत दगड दोनदा येतो. असे दोन लॅटिन चौरस एकावर एक ठेवून प्रत्येक जोडी एकदाच यावी, हे ६, १०, १४ अशा मापांत अशक्य आहे असं थोर गणिती ऑयलर १७८२ मध्ये म्हणाला होता. ६ साठी ते खरं निघालं. पण १९५९ साली बोस, पार्कर आणि आपले शरदचंद्र श्रीखंडे यांनी ६ नंतरच्या मापांसाठी त्याचं म्हणणं खोटं ठरवलं. श्रीखंडे सर पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते, २०२० साली १०२ वर्षांचे होऊन गेले.

आता परत ४२ − १७ कडे. कागदाची कृती झाल्यावर मुलांना विचारा : बेरीज ही क्रम बदलला तरी चालणाऱ्यांतली, मग वजाबाकी कुठल्यातली? १० − ४ आणि ४ − १० खडे घेऊन करू द्या. कंसही तपासा : (१० − ५) − २ = ३, पण १० − (५ − २) = ७. म्हणजे वजाबाकीत क्रमही बदलता येत नाही आणि कंसही हलवता येत नाही. "होत नाही" ऐवजी "आपल्याजवळच्या संख्यांत याचं उत्तर नाही" असं म्हणा. ३ रुपये घेऊन ५ रुपयांचा खाऊ आणला तर दुकानदार वहीत २ रुपये उधारी लिहितो, हे मुलाला ठाऊक असतंच. सहावी-सातवीत ऋण संख्या येतात तेव्हा आधीचं वाक्य खोटं ठरवायची वेळ येत नाही.

आणि परतफेड वापरा. वजाबाकी म्हणजे बेरजेची परतफेड. उत्तर ३५ आलं? मग ३५ मध्ये १७ मिळव. ५२ येतात, कागद मूळ जागी आला नाही! मूल स्वतःच पुन्हा एककाच्या घराकडे बघतं.

चौरस कागद झाल्यावर दुसऱ्या दिवशी वहीचं लांबट पान घ्या. पाव फेरीत ते खडूच्या चौकटीत बसत नाही, त्यामुळे चारच चाली उरतात : जागच्या जागी, अर्धी फेरी, आडवी पलटी, उभी पलटी. याचा तक्ता मुलांना न सांगता भरू द्या. क्रम बदलून फरक पडतो का, आणि कुठली चाल दोनदा केली की पान मूळ जागी येतं, एवढंच विचारा.