मोटारीची झीज आणि घरचा जमाखर्च

बैलगाडीचा धनी लांबच्या वाटेस लागण्यापूर्वी चाकाच्या आसास वंगण घालीत असे. त्याबद्दल त्याने गाडी करणाऱ्या सुतारास कधी दोष दिल्याचे ऐकिवात नाही. चाक फिरले की झिजावयाचेच, हे तो जाणून होता. मोटार घेणारे आम्ही सुशिक्षित मात्र ही साधी गोष्ट विसरतो. नामांकित कारखान्याची गाडी घेतली म्हणजे ती पुढे काही मागणार नाही, अशी आमची समजूत असते. आणि पहिला खर्च निघाला की आपण फसलो, असे वाटू लागते.

प्रथम झीज आणि बिघाड यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. टायर, ब्रेकचे पॅड, वायपरची रबरे ही घर्षणाने किंवा काळाने संपावयाचीच. इंजिनातील तेल उष्णतेने व काजळीने आपला गुण गमावते. ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. साध्या बॅटरीचे आयुष्य सामान्यतः ३ ते ५ वर्षांचे. ही सर्व झीज होय, व ती आधीच ठाऊक असते. अवचित एखादा पंप बंद पडणे, हा बिघाड होय.

बिघाडाविषयीही अपेक्षा माफक हवी. एखाद्या यंत्रात १,००० भाग आहेत आणि प्रत्येक भाग वर्षभर नीट चालण्याचा संभव ९९.९ टक्के आहे, असे धरू. तर एकही भाग न बिघडता वर्ष जाण्याचा संभव ०.९९९ चा हजारावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्केच येतो. मोटारीत तर लहानमोठे हजारो भाग असतात. तेव्हा एखादी गाडी वर्षानुवर्षे विनातक्रार चालते, हेच तिच्या कर्त्यांस भूषणावह आहे. ती कधीच बिघडू नये, ही अपेक्षा मात्र गणितास धरून नाही.

आमच्या घरी वापरलेली मोटार आली, तेव्हा साठविलेली पै न् पै आम्ही तिच्या किमतीत घातली. चार महिन्यांनी ब्रेक लावताना कर्कश आवाज येऊ लागला. कारागिराने पॅड बदलण्यास सांगितले. हात आखडलेला असल्याने आम्ही दोन महिने टाळले. अखेर पॅड संपून त्यांची लोखंडी पाठ चकतीवर घासली, चकतीस चरे पडले, आणि पॅडच्या कित्येक पट खर्च मुलीच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून करावा लागला. त्या दोन महिन्यांत त्याच गाडीतून आम्ही मुलांना घाटाने नेत होतो, हे आठवले की आजही लाज वाटते. गाडी वाईट नव्हती; आमचा हिशेब चुकला होता.

तो हिशेब असा मांडावा. वर्षास १०,००० किलोमीटर धाव आणि टायरांचे आयुष्य ४०,००० किलोमीटर धरले, तर ते ४ वर्षे पुरतील. चार टायरांस १९,२०० रुपये पडतात असे मानले, तर महिन्यास ४०० रुपये झाले. ४ वर्षे टिकणाऱ्या ४,८०० रुपयांच्या बॅटरीचे १००, आणि वार्षिक देखभालीच्या ७,२०० रुपयांचे ६०० मिळून एकूण १,१०० रुपये. अवचित बिघाडासाठी आणखी ९०० घातले म्हणजे महिन्यास २,००० रुपये निराळे ठेवावे. इंधन व विमा यांहून वेगळे. भाव गाडीप्रमाणे बदलतील. रीत बदलत नाही.

विद्यार्थ्यांनीही या कामी घरास साह्य करावे. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचून तेल केव्हा बदलावयाचे, ते एका वहीत टिपावे. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, टायरांतील हवा मोजून घ्यावी. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की तो बदलावयाचा, हे वडीलधाऱ्यांस सांगावे.

आणि पालकांस आमची एवढीच विनंती, की ज्या किमतीची गाडी घेऊन पहिल्या वर्षाच्या देखभालीचे पैसे हाती उरतील, तीच गाडी आपल्या ऐपतीची समजावी.