रांगोळी : वाडीची, गाणगापूरची आणि पीठापूरची



दत्तभक्तांना महाराजांची क्षेत्रे पाठ असतात. त्या क्षेत्रांतल्या दारांपुढच्या रांगोळ्या मात्र पायाखालून जातात. मीही त्यातलाच. तीन वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींचा उजवा हात अर्धांगवायूने गेला, तेव्हापासून मी खाली पाहू लागलो. उंबऱ्याशी रोज रांगोळी पडलीच पाहिजे, हा तिचा हट्ट. सून सकाळी सातला कामावर निघते. स्टिकर आणून चिकटवला तर तो हिने त्याच दिवशी काढायला लावला. राहिलो मी.

पहिला धडा चिमटीचा. रांगोळी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायची, हात जमिनीपासून दोन बोटे वर ठेवायचा आणि पूड सोडत जायची. घासायची नाही. मी ती भुरभुरवत होतो. खुर्चीवरून आवाज आला, "अहो, भाजीत मीठ टाकताय का?"

आपली रांगोळी शिरगोळ्याच्या दगडाची पूड. ती जड, म्हणून सरळ खाली पडते. कोकणात भाताची तुसे जाळून त्यांची पांढरी राखही वापरत. तमिळनाडूतले कोलम तांदळाच्या पिठाचे. तेवढीच मुंग्या-पाखरांना पोटपूजा. पूर्वी सारवलेल्या अंगणात पांढरी रेघ उठून दिसे. आता फरशी गुळगुळीत, म्हणून आम्ही आधी गेरूचा हात देतो.

दुसरा धडा ठिपक्यांचा, आणि इथे घाई चालत नाही. मधल्या ओळीत ९ ठिपके. तिच्या वर आणि खाली ८, ७, ६, ५ अशा ओळी. प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध. एकूण ६१. बैठक सहा कोनांची होते, म्हणून कमळाला सहा पाकळ्या येतात. उभे-आडवे ९ बाय ९ मांडले तर ८१ ठिपके आणि पाकळ्या चार किंवा आठ. एक ठिपका सरकला की चूक शेवटच्या रेघेला कळते. अवधूतांच्या चोवीस गुरूंत बाण करणारा आहे, राजाची स्वारी जवळून गेली तरी मान वर न करणारा. त्याची आठवण मला रोज सकाळी होते, बहुधा दूधवाल्याने हाक मारून ठिपके चुकवल्यावर.

वाडीच्या गल्ल्यांतून हिंडताना आपली जोडणीची रीत दिसते : रेघ ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत जाते. शेजारी शंख, चक्र, स्वस्तिक, गोपद्मे. चातुर्मासात रोज ३३ गोपद्मे काढायचे व्रत आमच्या आईने केले होते. उत्सवात संस्कार भारतीच्या पद्धतीची मोठी रांगोळी असते, चाळणीने रंग पसरून वर पाची बोटांतून सोडलेली जाड रेघ. देखणी खरी, पण ती उत्सवाची. रोजच्या उंबऱ्याला पेलत नाही.

गाणगापूरला गेल्या खेपेस माधुकरीला दारोदार फिरताना नजर खालीच होती, तरी एका दारात झोळी घेऊन मी नेमका रांगोळीवर उभा राहिलो. आजींनी न बोलता बोट दाखवले. मी पाय मागे घेतल्यावर त्यांनी मोडलेली पाकळी आधी सावरली, मग भाकरी वाढली. त्यांच्याकडून शब्द मिळाला, 'चुक्की'. कानडीत चुक्की म्हणजे ठिपका, आणि चांदणीही.

पीठापूरला, श्रीपाद श्रीवल्लभांच्या जन्मगावी, धनुर्मासात गेलो होतो. तेलुगूत रांगोळीला मुग्गु म्हणतात. तिथे 'मेलिकल मुग्गु' पाहिली. तिची रेघ ठिपक्याला शिवत नाही. त्याला वळसा घालून पुढच्याकडे, तिथून पुढे, आणि फिरून जिथून निघाली तिथेच मिळते. ठिपक्यांना प्रदक्षिणाच ती. मधे शेणाचा गोळा, त्यावर फूल. संक्रांतीचा सण संपताना दारापुढे रथ काढतात आणि त्याची दोरी शेजारच्या रथाला नेऊन जोडतात. असा दोऱ्यांनी बांधलेला रस्ता आमच्या सोसायटीत मला पाहायला मिळेलसे वाटत नाही. शेजारी रांगोळीवरून सायकल नेतात.

हा महिनाच रांगोळीचा. आपल्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचे घट बसतात. ओडिशातही मार्गशीर्षातल्या गुरुवारांना तांदळाच्या ओल्या पिठाने 'झोटी' काढतात, लक्ष्मीची पाउले आणि धान्याच्या लोंब्या.

पीठापूरचे फोटो मी हिला मोबाइलवर दाखवले. तिने त्या वळशावरून डावे बोट पडद्यावर तीनदा फिरवले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, यंदा जयंतीला ६१ ठिपके तुम्ही घाला, मधली महाराजांची पाउले मी काढीन.

सराव सुरू आहे. गेल्या गुरुवारी डाव्या पाउलाचा अंगठा बाहेरच्या बाजूला आला. हसली, ओल्या फडक्याने पुसला आणि म्हणाली, "अहो, डबी जरा इकडे सरकवा."