शेतमाल सल्ला : चार फोटोंचा कोलाज, दादर-लालबागचं गिऱ्हाईक



दसऱ्याच्या झेंडूची लागण ज्यांची झाली आहे किंवा या आठवड्यात होणार आहे, त्यांनी आजचा सल्ला शेवटपर्यंत वाचावा. भाजीपालावाल्यांनाही तो तितकाच लागू आहे.

झेंडूचं गणित सगळ्यांना पाठ आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूल बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि दसरा उलटला की त्याच फुलाला कोणी विचारत नाही. किती तोडायचं, किती गाडीत भरायचं, हे आधी कळलं तर नुकसान टळतं. त्यासाठी काही माल तरी आगाऊ मागणीवर जायला हवा. मागणी येते ती मोबाईलवरून, आणि मोबाईलवर गिऱ्हाईक आधी फोटो बघतं, मग भाव विचारतं.

*कोलाज म्हणजे काय आणि कशाला?*
तीन-चार फोटो एकाच चौकटीत बसवले की झाला कोलाज. वीस फोटो एकामागून एक टाकले तर कोणी उघडत नाही. एक कोलाज मात्र एका नजरेत सगळं सांगतो : माल कुठला, कसा वाढला, आज कसा दिसतो, किती मिळेल.

*दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा*
ही युक्ती जुनी आहे आणि ती मुंबईतच घडली. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांना सिनेमा काढायचा होता, पण पैसे लावायला कोणी तयार होईना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. मिनिटभराच्या त्या फिल्ममध्ये अंकुर फुटून वेल वर चढताना दिसायचा. ते पाहून भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटला. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. दादरला आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

आपण यातून एवढंच घ्यायचं : फाळक्यांनी मोठमोठी भाषणं केली नाहीत, वाढ दाखवली. कॅमेरा एकाच जागी आणि चित्रं क्रमाने, म्हणून बघणाऱ्याला शंका राहिली नाही. आपला कोलाजही असाच हवा.

*कामाला सुरुवात लागणीच्या दिवशी*
पीक तयार झाल्यावर पहिल्या दिवसाचा फोटो कुठून आणणार? म्हणून आजच बांधावर एक खुंटी ठोका. दर आठ दिवसांनी त्याच खुंटीपाशी उभं राहून, त्याच दिशेला तोंड करून एक फोटो घ्या. दोन महिन्यांत आठ-नऊ फोटो जमतील. त्यातले चार निवडायचे :
१. लागण, म्हणजे मोकळा वाफा आणि लहान रोपं
२. कळी धरलेलं झाड
३. फुलांनी भरलेला प्लॉट
४. तोडलेला माल, काट्यावर किंवा क्रेटमध्ये

क्रम डावीकडून उजवीकडे, वरून खाली. वाचतो तसाच.

*फोटो घेताना*
१. आधी कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसा. खिशातल्या धुळीने निम्मे फोटो बिघडतात.
२. सकाळचं कोवळं ऊन उत्तम. भर दुपारी पिवळं फूल पांढरट दिसतं. सूर्य तुमच्या पाठीशी असू द्या.
३. लांबून बोटांनी मोठं करून फोटो घेऊ नका, दोन पावलं पुढे जा.
४. एका फोटोत हाताचा तळवा दिसू द्या. फूल केवढं आहे ते गिऱ्हाईकाला तेव्हाच कळतं.
५. रंग भडक करणारे फिल्टर नकोत. फोटोत केशरी आणि हातात पिवळं आलं, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि शेजाऱ्यालाही सांगतं.
६. तोडणीला आलेल्या बायाबापड्यांचा चेहरा दिसत असेल तर आधी विचारा. नको म्हणाल्या तर फक्त हात घ्या.

*कोलाज जोडताना*
बहुतेक फोनमध्ये गुगल फोटोज असतंच. त्यात दोन ते सहा फोटो निवडून कोलाज करता येतो. आपण चारच्या वर जायचं नाही. फोटो वाढले की प्रत्येक फोटो बारीक होतो आणि काहीच नीट दिसत नाही.

मजकूर चित्रावरच लिहा, कारण फोटो पुढे पाठवताना खालचा मजकूर मागे राहू शकतो. चार गोष्टी पुरेत : गाव-तालुका, माल आणि वजन, तोडणीची तारीख, संपर्क नंबर. तारीख विसरू नका, नाहीतर यंदाचा कोलाज पुढच्या वर्षीही फिरत राहील आणि लोक जुना भाव मागतील. लिहून झालं की फोन हात लांब करून धरा. अक्षर वाचता आलं नाही तर मोठं करा.

*कोणाला कुठला कोलाज?*
*गिरगाव :* चाळीतली खोली लहान, देव्हारा लहान, दाराला एक तोरण. अर्धा किलो, एक किलोची पिशवी दाखवा. क्रेटचा ढीग पाहून त्यांना वाटेल, हे आपल्यासाठी नाही.
*परळ आणि दादर :* गिरण्यांच्या जागी आता टॉवर उभे आहेत. तिथे सोसायटीच्या ग्रुपवर एकजण सगळ्यांची मागणी गोळा करतो. त्याला वजन, पॅकिंग आणि गाडी गेटवर किती वाजता येणार, हे दिसलं पाहिजे.
*लालबाग :* मंडळं आणि दुकानदार. इथे क्रेटचा ढीगच दाखवा. आणखी एक, गिरणगावात कोकणातून, सातारा-सांगली-कोल्हापूरकडून आलेली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गावाचं नाव ठळक लिहिलंत तर एखादा म्हणेल, “अरे, हे तर आपल्या बाजूचं!” ती ओळख जाहिरातीने मिळत नाही.

*पाठवताना*
१. व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासच राहतं. शिवाय तुमचा नंबर गिऱ्हाईकाने आणि त्याचा तुम्ही सेव्ह केला असेल तरच ते त्याला दिसतं. ब्रॉडकास्ट मेसेजही तुमचा नंबर सेव्ह असणाऱ्यालाच पोचतो. म्हणून प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाका : “आमचा नंबर सेव्ह करा.”
२. पाठवताना एचडी पर्याय निवडा, नाहीतर अक्षरं पुसट होतात.
३. सणाच्या आदल्या दिवशी टाकून उपयोग नाही. पहिला कोलाज दहा दिवस आधी, दुसरा चार दिवस आधी, तिसरा तोडणीच्या सकाळी.

*सावध राहा*
नंबर लोकांपुढे गेला की खोटे गिऱ्हाईकही येतात. “आगाऊ पैसे पाठवतो, पिन टाका,” असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. बँकेचं पासबुक, आधार कार्ड किंवा पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट कोलाजमध्ये लावू नका.

दुसऱ्याच्या प्लॉटचा किंवा गुगलवरचा फोटोही लावायचा नाही. माल सगळ्यांचा एकाच गाडीत, एकाच नावाने जातो. एकाने फसवलं तर सगळ्यांची पिशवी परत येते.

*या आठवड्याचं काम*
खुंटी ठोका, पहिला फोटो घ्या आणि रविवारपर्यंत कंपनीच्या कार्यालयाच्या नंबरवर पाठवा, सोबत गाव, क्षेत्र आणि लागणीची तारीख. ज्यांना कोलाज जोडता येत नाही त्यांनी घरातल्या शाळा-कॉलेजच्या मुलांना सोबत घ्यावं, किंवा मासिक बैठकीला अर्धा तास आधी यावं. बसून शिकवू.

पुढचा सल्ला : तोडणी, प्रतवारी आणि दादरपर्यंत फूल ताजं ठेवणं.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी