मासे तोंड वर काढतायत? औषधाआधी वेळ बघा



शेततळ्यात रोहू, कटला, मृगल, सायप्रिनस सोडलेल्यांसाठी आजचा मेसेज. "मासे मरतायत, कोणतं औषध टाकू?" असा प्रश्न येतो, सोबत फोटोही असतो. पण मासे किती वाजता वर आले, हे कुणी सांगत नाही. आम्हाला आधी तेच हवं.

*पहाटे सगळेच मासे वर येऊन तोंड उघडतात, आधी मोठे मरतात, ऊन चढल्यावर उरलेले खाली जातात:* हा रोग नाही, पाण्यातला प्राणवायू संपलाय. रात्रभर शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ तो वापरतात, म्हणून सूर्योदयाआधी तो सर्वात कमी असतो. ढगाळ हवा आणि हिरवंगार पाणी असेल तर धोका जास्त. अशा वेळी शेवाळ मारायचं औषध टाकलं, तर कुजणारं शेवाळ उरलासुरला प्राणवायूही खातं. पंप लावून तळ्याचंच पाणी फवाऱ्यासारखं उंचावरून परत तळ्यात पाडा. बोअरचं पाणी सोडायचं तरी असंच उंचावरून, कारण त्यात प्राणवायू फार कमी असतो. पेंड, शेण, कोंबडीखत तूर्त बंद.

*रोज दोन-चार मासे मरतात, अंगावर खुणा आहेत:* आता रोगाचा विचार करा. एक आजारी मासा जाळ्यात धरून नीट बघा.

थंडीत लाल चट्टे, पुढे खोल जखमा दिसल्या तर बहुधा ईयूएस. मरळ, मृगल, रोहू, कटला यांना होतो. सायप्रिनस सहसा वाचतो. सिफॅक्स हे औषध 1 हेक्टर, 1 मीटर खोल पाण्याला 1 लिटर, म्हणजे 1 गुंठ्याला मीटरभर खोलीमागे साधारण 10 मिली. बादलीत पातळ करून सगळीकडे शिंपडा. चुना टाकायच्या आधी सामू तपासा. सामू 8.5 च्या वर असेल तर चुना नकोच, त्याने पाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो.

मासा अंग घासतो, उड्या मारतो आणि अंगावर चपटे, हलणारे किडे दिसतात? त्या माशांच्या उवा. त्या कडक वस्तूंवर अंडी घालतात. तळ्यात बांबू, फळ्या उभ्या करा, आठवड्याला काढून उन्हात कडक वाळवा आणि परत लावा. खर्च जवळपास नाहीच.

*कांद्यावर मारायचं कीटकनाशक तळ्यात टाकू नका.* पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अतिशय विषारी. शिवाय तेच पाणी जनावरं पितात, तोच मासा आपण खातो.

घरच्या काचेच्या टाकीतल्या गोल्डफिशवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, तर तो वेगळा रोग. त्याला वरचं औषध लावू नका.

खात्री नसेल तर आजारी पण *जिवंत* मासा तळ्याच्याच पाण्यात, हवा भरलेल्या पिशवीत घेऊन सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, पुणे यांच्या कार्यालयात दाखवा. मेलेल्या माशाचे कल्ले लवकर सडतात, त्यावरून काही कळत नाही. ग्रुपवर फोटो टाकताना वेळ, पाण्याचा रंग आणि शेवटचं खाद्य कधी टाकलं तेही लिहा.